ऑस्टिन सेव्हन : थोड्या खर्चात वाढविलेला वेग

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्याकडे संसाराच्या खर्चाला उद्देशून वापरतात. परंतु यंत्राच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे. ज्याच्यापाशी पैसा मुबलक आहे त्याला जुन्या मोटारीचा वेग कसा वाढवावा हा प्रश्नच पडत नाही. तो जुनी गाडी विकतो आणि नवी, अधिक जोरकस गाडी घेतो. प्रश्न पडतो तो मध्यम स्थितीच्या माणसाला. त्याच्यापाशी एक जुनी, लहानशी गाडी असते; महिनाअखेर चार पैसे शिल्लक उरतात; आणि त्या शिल्लकीतून गाडीच्या कोणत्या भागावर आधी खर्च करावा हे त्याला ठरवावयाचे असते. इंजिनावर करावा, की ब्रेकवर? नवा कार्ब्युरेटर घ्यावा, की जुने पाटे बदलावेत? निवड चुकली तर नुसता पैसा जातो असे नाही. प्रसंगी जीवही जातो.

इंग्लंडात १९२२ पासून पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हा प्रश्न असंख्य सामान्य माणसांनी एकाच गाडीवर हात चालवून सोडविला. त्या गाडीचे नाव ऑस्टिन सेव्हन. कारकून, विद्यार्थी, शिकाऊ कारागीर अशा लोकांनी तिच्यावर जे प्रयोग केले, त्यांतून काटकसरीचे एक स्वतंत्र यंत्रशास्त्रच तयार झाले, असे म्हटले तरी चालेल. पुढे जगातील सर्वांत वेगवान शर्यतींच्या गाड्या ज्यांनी बांधल्या, त्यांच्यापैकी काहींनी आपली मुळाक्षरे याच शाळेत गिरविली.

या गाडीचा जन्मही काटकसरीतूनच झाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ पासून, इंग्लंडात मोटारींवर दर अश्वशक्तीस सालिना १ पौंड असा कर बसला. ही अश्वशक्ती इंजिन प्रत्यक्षात किती जोर देते हे मोजून ठरवीत नसत. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि २.५ ने भागावयाचे, असे ते सूत्र होते. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीचा सिलिंडर ३.७५ इंच व्यासाचा व अशा सिलिंडरांची संख्या ४. हिशेब केला तर तिची करपात्र अश्वशक्ती २२.५ भरते, आणि मालकास दरसाल २३ पौंड मोजावे लागत. साध्या पगारदार गृहस्थास हा भार पेलण्यासारखा नव्हता. तो मोटारसायकलीला साइडकार जोडी, बायकोमुलांना तिच्यात बसवी आणि ऊनपाऊस अंगावर घेत प्रवास करी.

हर्बर्ट ऑस्टिन याने नेमके हेच हेरले. बर्मिंगहॅमनजीक लाँगब्रिज येथे १९०५ साली त्याने आपला कारखाना काढला होता. परंतु युद्धानंतर मोठ्या गाड्यांचा खप बसला आणि १९२१ साली कंपनीचा कारभार धनकोंच्या वतीने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेला. अशा अवस्थेत अगदी लहान गाडी काढण्याची त्याची कल्पना इतर संचालकांना पसंत पडेना. तेव्हा ऑस्टिनने कारखान्याच्या रेखाटन विभागातून स्टॅन्ली एज नावाचा अवघ्या १८ वर्षांचा मुलगा निवडला, त्याला आपल्या राहत्या घरी, लिकी ग्रेंज येथे, नेले आणि बिलियर्ड खेळण्याच्या खोलीत दोघांनी मिळून गाडीचे नकाशे तयार केले. दोन सिलिंडरांऐवजी चार लहान सिलिंडरांचे इंजिन घ्यावे, हे त्या पोरसवदा रेखाटनकारानेच मालकास पटवून दिले. ऑस्टिनने या कामी स्वतःचा पैसा ओतला, आणि त्याबद्दल विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे २ गिनी मानधन त्याला मिळावे असे ठरले.

१९२२ साली गाडी बाहेर पडली. पुढील साली तिच्या इंजिनाचे आकारमान ७४७ घनसेंटिमीटर झाले आणि १९३९ पर्यंत ते तेवढेच राहिले. वरील सूत्राने तिची करपात्र अश्वशक्ती ७.८ भरे, म्हणजे वर्षाचा कर ८ पौंड. प्रत्यक्षात सुरुवातीचे इंजिन सुमारे १०.५ अश्वशक्ती देई. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ६ फूट ३ इंच. आरंभीच्या गाडीचे वजन ८०० रत्तलांच्या आतबाहेर, म्हणजे पाचसहा धडधाकट माणसांइतकेच. एवढ्याशा गाडीला चारही चाकांस ब्रेक होते. त्या काळी पुष्कळ महागड्या गाड्यांनाही ते नसत. १९३९ पर्यंत अशा सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. जर्मनीत डिक्सी या कंपनीने परवाना घेऊन ही गाडी काढली. १९२८ साली बी. एम. डब्ल्यू.ने ती कंपनी विकत घेतली, आणि अशा रीतीने त्या विख्यात कारखान्याची पहिली मोटार ही ऑस्टिन सेव्हनचीच बहीण ठरली.

गाडी लहान असली तरी ती धावू शकते हे कारखान्याने लवकरच दाखवून दिले. ऑस्टिनचा जावई आर्थर वेट याने १९२३ साली इटलीत मोंझा येथे लहान गाड्यांची शर्यत जिंकली. १९३० साली ब्रुकलँड्स येथील ५०० मैलांच्या शर्यतीत एस. सी. एच. डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी ताशी सरासरी ८३.४१ मैल वेगाने ऑस्टिन सेव्हन चालविली, आणि लहान इंजिनास मिळणाऱ्या सवलतीच्या आधारे का होईना, प्रचंड बेंटली गाडीस दुसऱ्या क्रमांकावर टाकले. त्याच सुमारास कारखान्याने ‘अल्स्टर’ नावाची शर्यतीची गाडी १८५ पौंडांस विक्रीस ठेवली.

या अल्स्टर गाडीत कारखान्याने काय काय बदलले हे पाहण्यासारखे आहे. कारण मूळ गाडीची दुखणी कोणती, याची ती यादीच होय. पहिले दुखणे तेलाचे. साध्या गाडीत पंप तेल वर चढवी आणि दोन बारीक तोंडांतून त्याच्या चिळकांड्या फिरत्या क्रँकशाफ्टवर उडत. तेथून फिरण्याच्या जोराने ते तेल कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांत शिरे. सावकाश चालीला ही व्यवस्था पुरेशी होती, पण इंजिन भरधाव फिरू लागले की अपुरी पडे. अल्स्टरमध्ये तेल दाबाने थेट बेअरिंगांत पोचविले. दुसरे दुखणे खुद्द क्रँकशाफ्टचे. चार सिलिंडरांचा तो दांडा फक्त दोन टोकांस बेअरिंगांवर टेकलेला. मध्ये आधार नाही. वेग वाढला की तो मधोमध वाकू पाही आणि कधी मोडेही. म्हणून अल्स्टरमध्ये तो जाड केला. साध्या गाडीला मधले तिसरे बेअरिंग मिळाले ते १९३६ साली.

परंतु अल्स्टरची किंमत साध्या सेव्हनच्या कितीतरी वर होती, आणि सामान्य माणूस तिच्याकडे दुरूनच पाहू शके. त्याच्या आटोक्यात होती ती जुनी, चारदोन हातांखालून गेलेली गाडी. १९३० नंतर नवी सेव्हनच सव्वाशे पौंडांच्या आसपास मिळू लागल्यावर जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. दहाबारा वर्षांची गाडी काही थोड्या पौंडांत मिळे. भंगारवाल्याच्या आवारात तिचे सुटे भाग पडलेले असत, आणि एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बहुधा थोड्याफार फरकाने बसे. अशा गाड्यांची हौस असलेल्यांनी १९३९ साली ‘७५० मोटर क्लब’ स्थापन केला. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांचा त्यात पुढाकार होता. लगेच महायुद्ध पेटले. पण पुढे हॉलंड बर्केट या गुरांच्या डॉक्टराने क्लबास नवे चैतन्य दिले.

महायुद्धानंतरची परिस्थिती या चळवळीस आणखी पोषक ठरली. इंग्लंड कर्जात बुडाले होते. कारखान्यांतून निघालेल्या नव्या मोटारी परदेशी रवाना होत आणि घरच्या गिऱ्हाइकास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वर खरेदीकर भारी. पेट्रोलावर १९५० च्या मे महिन्यापर्यंत नियंत्रण होते, आणि मिळणारे पेट्रोलही १९५३ पर्यंत एकाच हलक्या प्रतीचे असे. अशा वेळी तरुणाने वेगाची हौस भागवावी कशी? उत्तर एकच होते : जुनी ऑस्टिन सेव्हन घ्यावी, तिचे वरचे खोके काढून फेकावे, आणि उरलेल्या सांगाड्यावर हाताने आपली गाडी उभारावी. अशा घरबांधणीच्या गाड्यांस तिकडे ‘स्पेशल’ म्हणत.

या ‘स्पेशल’ बांधणाऱ्यांच्या अनुभवातून खर्चाचा जो क्रम ठरत गेला, तोच या इतिहासाचा खरा गाभा होय. नवशिक्याची धाव प्रथम इंजिनाकडे असे. जाणते सांगत, इंजिन शेवटी.

पहिला खर्च वेग वाढविण्यावर नव्हे, तर गाडी मूळच्या स्थितीस आणण्यावर. वीस वर्षे चाललेल्या इंजिनाची १० अश्वशक्ती केव्हाच आटलेली असे. झिजलेल्या पिस्टन-रिंगांतून दाब निसटे, झडपा नीट बसत नसत, ठिणगी वेळेवर पडत नसे. झडपा घासून बसविणे, रिंगा बदलणे, ठिणगीची वेळ साधणे या कामांत मुख्य खर्च श्रमाचा. पण हरवलेली निम्मी शक्ती तेथेच परत मिळे. फाटक्या खिशात नाणी टाकण्याआधी खिसा शिवावा, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा खर्च वजन घटविण्यावर. आणि हा खर्च कसला, ही तर बचतच! येथे थोडे गणित लक्षात घेतले पाहिजे. समजा, गाडी, चालक व सोबती मिळून वजन १,५०० रत्तल आहे. जड खोके काढून पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची हलकी बॉडी बसविली आणि ३०० रत्तल वाचविले, तर वजन एकपंचमांशाने घटले. म्हणजे इंजिनास हातही न लावता गाडी सव्वापट चपळाईने वेग घेऊ लागली. शिवाय हलकी गाडी चढ सहज चढते, वळणावर कमी झोकांडते, ब्रेक दाबल्यावर लवकर थांबते आणि टायरही कमी झिजविते. एका पैशात पाच कामे करणारी सुधारणा दुसरी नाही. उलट इंजिनाची शक्ती वाढविली तर काय होते? भरधाव गाडीचा मुख्य विरोधक वारा, आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी अंतिम वेग जेमतेम सव्वापट होतो. ताशी ४० मैलांची गाडी ५० मैलांवर जाते, एवढेच. शक्ती दुप्पट करण्याचा खर्च आणि जोखीम पाहता हा सौदा महागच म्हणावयाचा.

तिसरा खर्च ब्रेक, पाटे आणि सुकाणू यांवर. गाडी थांबविण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० मैलांचे ५० मैल झाले की तेच ब्रेक असता थांबण्याचे अंतर दीडपटीहून अधिक होते. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारांनी ओढले जात. आरंभीच्या गाड्यांत तर पायाचा ब्रेक मागच्या चाकांस आणि हाताचा पुढच्या चाकांस, अशी फारकत होती. दोन्ही एकत्र जोडले गेले ते १९३० च्या सुमारास. म्हणून जुन्या गाडीवर नव्या सालचे ब्रेक व आस चढविणे ही भंगाराच्या बाजारात होणारी सर्वांत शहाणपणाची खरेदी समजली जाई. पुढच्या बाजूस एकच आडवा पाटा होता. तो थोडा सपाट करून घेतला की गाडी जमिनीलगत बसे आणि वळणावर उलटण्याची भीती कमी होई. लेस्ली बॅलामी याने तर पुढील आस मधोमध कापून दोन्ही तुकडे बिजागरीसारखे बसविण्याची युक्ती काढली. नवी आस घ्यावयास नको, जुनीच कापावयाची; आणि दोन्ही चाके आपापल्या खड्ड्यांचा समाचार स्वतंत्रपणे घेऊ लागत. यातही चाक वरखाली होताना तिरपे होते, हा दोष होताच. पण थोड्या पैशांत मिळणाऱ्या सुधारणेकडून संपूर्ण निर्दोषपणाची अपेक्षा करावयाची नसते.

एवढे झाल्यावर मगच इंजिनाची पाळी. त्यातही स्वस्त आणि मस्त अशी पहिली सुधारणा म्हणजे सिलिंडर-हेड. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस होत्या, आणि वरचे झाकण बोल्ट सोडवून सहज निघे. मूळ इंजिनात वायू मूळ आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्शापर्यंतच दाबला जाई. झाकण खालच्या बाजूने थोडे तासून घेतले की ज्वलनाची जागा आकसे, दाब वाढे, आणि त्याच पेट्रोलातून अधिक जोर निघे. हॅरी रिकार्डो या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर दाखवून दिले होते की, पिस्टनच्या माथ्यावरील पोकळी अगदी उथळ ठेवली तर वायू घुसळला जाऊन झपाट्याने आणि न ठोकता जळतो. त्या तत्त्वावर केलेली ॲल्युमिनियमची तयार झाकणेही बाजारात मिळत. परंतु येथेही अति तेथे माती. झाकण फार तासले तर झडपेकडून सिलिंडरकडे जाणारी वायूची वाट चिंचोळी होते, आणि एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने जाते. शिवाय हलक्या पेट्रोलावर दाब फार वाढविला तर इंजिन ठोकू लागते आणि बेअरिंगे फुटतात.

त्यानंतर कार्ब्युरेटर. भंगारात गेलेल्या मोठ्या गाडीचा एस. यू. कार्ब्युरेटर स्वस्तात मिळे. त्यासाठी मोकळ्या वळणाची नळी करून घेतली आणि झडपांस अधिक ताठ स्प्रिंगा बसविल्या की इंजिन मोकळा श्वास घेऊ लागे. त्यानंतर फ्लायव्हील. ते लेथवर चढवून त्याची कड तासून हलके केले की इंजिन चटकन वेग पकडे; मात्र फार तासले तर फिरता फिरता ते फुटण्याचा धोका, आणि फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे चालकाच्या पायांपासून फार दूर नसतात.

या सर्व सुधारणांस शेवटी एकच कुंपण होते, आणि ते म्हणजे तो दोन बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट. झाकण, कार्ब्युरेटर, स्प्रिंगा यांनी इंजिन कितीही उत्साही केले, तरी त्या दांड्यास सोसेल त्यापलीकडे जाता येत नसे. जो हे विसरे त्याची कमाई एका क्षणात भंगार होई. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते, हे वाक्य शाळेत पाठ करणे वेगळे आणि रस्त्याच्या कडेला मोडलेल्या क्रँकशाफ्टकडे पाहत शिकणे वेगळे. ऑस्टिन सेव्हनने इंग्लंडच्या एका पिढीस ते दुसऱ्या रीतीने शिकविले.

या शाळेचा सर्वांत बुद्धिमान, आणि शिक्षकांना सर्वांत अडचणीत टाकणारा विद्यार्थी म्हणजे कॉलिन चॅपमन. त्याचा जन्म १९२८ सालचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकत असतानाच तो एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. १९४७ च्या शरदात सरकारने खाजगी मोटारींना मिळणारे मूळ पेट्रोलही बंद केले. धंदा एकदम बसला, आणि शेवटी हाती एक जुनी ऑस्टिन सेव्हन न विकता राहिली. चॅपमनने तिचीच ‘स्पेशल’ करावयास घेतली. पुढे जिच्याशी त्याचा विवाह झाला त्या हेझेल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागे एक लहानसे गॅरेज होते, तेच त्याचे कारखान्याचे आवार. त्याने प्रथम इंजिन हाती घेतले नाही. आधी सांगाडा ताठ केला, आणि त्यावर विमानांच्या बांधणीप्रमाणे, ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या प्लायवूडची बॉडी अशी बसविली की ती नुसते झाकण न राहता सांगाड्यालाच बळकटी देई. हलके पण ताठ, हे त्याच्या पुढील आयुष्याचे सूत्र १९४८ साली त्या गॅरेजातच ठरून गेले.

दरम्यान ७५० मोटर क्लबाने स्वस्त शर्यतींची एक नियमावली केली. १९५० च्या सुमारास तिच्यानुसार शर्यती सुरू झाल्या. सांगाडा आणि इंजिनाचा ठोकळा ऑस्टिन सेव्हनचाच हवा, सुपरचार्जर लावावयाचा नाही, अशी बंधने तिच्यात होती. उद्देश स्पष्ट होता : जिंकणे हे पैशांवर नव्हे, कसबावर अवलंबून राहावे. १९५१ च्या मोसमात चॅपमन आपली तिसरी गाडी घेऊन उतरला आणि त्याच्यापुढे कोणाची डाळ शिजेना. त्याचे मर्म असे होते. या इंजिनात चार सिलिंडरांना वायू आत घेण्यासाठी दोनच तोंडे होती. प्रत्येक तोंड दोन शेजारी सिलिंडरांत सामाईक. त्यामुळे एका सिलिंडरच्या वाट्याचा वायू दुसरा पळवी. चॅपमनने येणारी नळी विभागली आणि पातळ पत्र्याचा पडदा थेट तोंडाच्या आतपर्यंत नेऊन प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. सामाईक विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांना वेगवेगळे पाट काढून द्यावेत, तसेच हे झाले. खर्च नगण्य, लाभ मोठा.

क्लबाने पुढील मोसमासाठी नियम बदलून ही युक्ती बंद केली. या निर्णयाचा न्याय दोन्ही बाजूंनी पाहता येतो. चॅपमनने नियमाचे अक्षर कोठेही मोडले नव्हते. डोके लढवून थोड्या पैशांत अधिक वेग मिळविणे हेच तर या शर्यतींचे प्रयोजन होते. परंतु ती युक्ती मोकळी ठेवली असती तर प्रत्येक स्पर्धकास आपले इंजिन तसे करून घेणे भाग पडले असते. मग तिच्याहून सूक्ष्म अशी दुसरी युक्ती निघाली असती, आणि एके दिवशी ज्याच्यापाशी उत्तम यंत्रशाळा आहे तोच जिंकू लागला असता. गरिबाचा खेळ गरिबाच्या हातून निसटू नये म्हणून बुद्धीलाही केव्हा केव्हा मर्यादा घालावी लागते, हे क्लबाने ओळखले. चॅपमनचे त्यात काही बिघडले नाही. १९५२ च्या १ जानेवारीस त्याने ‘लोटस’ कंपनी रीतसर सुरू केली, आणि तिच्या गाड्यांनी १९६३ ते १९७८ या काळात फॉर्म्युला वनचे उत्पादकांचे विश्वविजेतेपद सात वेळा मिळविले.

तो एकटाच नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे ब्रूस मॅक्लारेन नावाच्या मुलाच्या वडिलांचे गॅरेज होते. तेथे एक जुनी, खिळखिळी झालेली ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आली. बापलेकांनी मिळून ती उभी केली आणि १९५२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, मुलाने तिच्यावर पहिली चढाची स्पर्धा केली. मॅक्लारेन १९७० साली गाडीची चाचणी घेताना मरण पावला. पण त्याच्या नावाचा संघ आजही जगाच्या शर्यतींत अग्रभागी आहे. त्याच्याही आधी, १९३० नंतरच्या दशकात, ॲलेक इसिगोनिस आणि जॉर्ज डाउसन या दोघा मित्रांनी ऑस्टिन सेव्हनच्या भागांवरून वर्षानुवर्षे हाताने खपून एक अतिशय हलकी गाडी बांधली, आणि तिच्या चाकांस पोलादी पाट्यांऐवजी रबराचा आधार दिला. याच इसिगोनिसने पुढे मॉरिस मायनर ही गाडी आखली, जिची भारतीय आवृत्ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आपल्या रस्त्यांवर धावली. १९५९ साली त्याची ‘मिनी’ आली. तिच्याही चाकांस रबराचाच आधार होता, आणि आरंभी ती ‘ऑस्टिन सेव्हन’ या नावानेही विकली गेली. १९६१ साली जॉन कूपरच्या सल्ल्याने तिचे वेगवान रूप निघाले. ३४ अश्वशक्तीचे इंजिन ५५ अश्वशक्तीचे झाले, दोन कार्ब्युरेटर आले. परंतु त्याबरोबर पुढच्या चाकांस डिस्क ब्रेकही आले. जोर वाढवावयाचा तर आवर आधी वाढवावा, हा जुन्या ‘स्पेशल’ बांधणाऱ्यांचा धडा कारखान्याने येथे गिरविलेला दिसतो.

सर्वांनीच तो धडा गिरविला असे मात्र नव्हे. १९५० नंतरच्या दशकात काचतंतूंच्या तयार बॉड्या मिळू लागल्या. त्या दिसण्यात ऐटबाज, किमतीने बेताच्या. पुष्कळ तरुण आधी ती बॉडी विकत घेत, आणि तिच्याखाली मात्र तेच झिजलेले ब्रेक, तेच सैल सुकाणू राही. बाहेरून शर्यतीची गाडी, आतून वीस वर्षांची म्हातारी! १९६० साली सरकारने दहा वर्षांवरील मोटारींचे ब्रेक, सुकाणू व दिवे यांची तपासणी सक्तीची केली, तेव्हा जुन्या गाड्यांचा खरा कस लागला. ज्यांनी पैसा आधी वरच्या साजावर घातला होता त्यांच्यावर गाडी भंगारात देण्याची पाळी आली. ज्यांनी पैसा ब्रेक आणि आस यांवर घातला होता त्यांना तपासणीस भिण्याचे कारण नव्हते. ७५० मोटर क्लब आजही चालू आहे आणि ७५० फॉर्म्युलाच्या शर्यती आजही होतात. मात्र त्यांत ऑस्टिनचे इंजिन आता सक्तीचे राहिलेले नाही.

ऑस्टिन सेव्हनच्या या इतिहासात चमत्कार कोठेच नाही. ७४७ घनसेंटिमीटरचे, दोन बेअरिंगांचे एक साधे इंजिन. आणि ज्यांच्या खिशात फार नव्हते अशी माणसे. त्यांना प्रत्येक नाण्यागणिक विचारावे लागे, की हे नाणे गाडीच्या कोणत्या भागावर ठेवले असता सर्वांत अधिक फळ देईल, आणि ते फळ पेलण्यास बाकीचे भाग समर्थ आहेत काय. श्रीमंतास हा प्रश्न टाळता येतो; गरिबास येत नाही. म्हणूनच जुनी गाडी घेऊन बसलेल्या मध्यम स्थितीच्या माणसास आजही याहून चांगला सल्ला देता येणार नाही : आधी जे बिघडले आहे ते नीट करावे, मग जे जड आहे ते हलके करावे, मग थांबण्याची सोय पाहावी, आणि एवढ्यावरही काही शिल्लक उरलीच, तर खुशाल वेगाच्या मागे लागावे.